घरातला आवाज

"जेवलीस का गं, ऋजुता?"

ऋजुता मगदूमनं फोन कानापासून लांब धरून नंबर पाहिला. ओळखीचा नव्हता. आवाज बाईचा, पन्नाशीपुढचा, पलूस-तासगावकडचा. आणि इतका निर्धास्त, की ही बाई पदराला हात पुसत पुसत रोजच्यासारखी फोनपाशी येऊन बसली असणार.

"हो, जेवले," ऋजुता म्हणाली. 

"खोटं बोलू नगंस. आवाजावरनं कळतंय मला. आज निराळाच लागतोय तुझा आवाज. सर्दी झालीया का?"

"नाही, सर्दी नाही. आपण..."

"आमची म्हस व्याली बघ काल. रेडी झाली. तू म्हणाली हुतीस तसंच. बरं ते जाऊ दे, फोन दुसऱ्याच कामासाठी केलाय. यांनी सकाळी पाटीवर लिहून मला विचारलं, ‘कंठीत घरातला आवाज येणार म्हंजे काय?’ मी म्हटलं, ऋजुतानं कबूल केलंय. तिला मी समदं सांगितलंय. दिवाळीच्या आत हुईल म्हणालीस न्हवं?"

कंठी हा शब्द ऐकल्यावर ऋजुताला उलगडा झाला. बाई तिच्या पाठीराख्यांपैकी होती.

"काकू, मी जरा बघून सांगते," ती घाईनं म्हणाली.

"बघ, बघ. आन् आधी दोन घास खा."

फोन बंद झाला. मिरजेतल्या आपल्या छोट्या कार्यशाळेत ऋजुता कितीतरी वेळ फोन हातात धरून बसून राहिली. ती या बाईशी आयुष्यात कधी बोलली नव्हती. आणि घरातला आवाज म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

कंठी हे ऋजुताचं सहा-सात वर्षांचं वेड होतं. घशाच्या कर्करोगात ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकावं लागतं, त्यांच्या गळ्याला खालच्या बाजूला श्वासासाठी भोक ठेवतात. हवा तिथूनच आत-बाहेर करते, तोंडापर्यंत पोचत नाही, म्हणून आवाज उमटत नाही. पण बोलायचं मनात आलं की मेंदू आपलं काम सोडत नाही. जिभेला, जबड्याला, गळ्याच्या स्नायूंना त्याचे हुकूम सुटतच राहतात, आणि त्या हुकमांबरोबर त्वचेवर विजेच्या अगदी बारीक लहरी उठतात. गळ्याभोवती घालायची कंठी त्या लहरी टिपायची, त्यातून शब्द ओळखायची, आणि आतल्या चिमुकल्या स्पीकरमधून ते उच्चारायची. तेही त्या माणसाच्या स्वतःच्या, आजारपणाआधीच्या आवाजात. त्यासाठी त्याची जुनी ध्वनिमुद्रणं यंत्राला ऐकवून त्याचा आवाज शिकवायचा.

अशा उद्योगाला बँका दारात उभं करत नाहीत. म्हणून तिनं ‘ओंजळ’ या लोकवर्गणीच्या मंचावर आवाहन केलं होतं. राज्यभरातून पाठीराखे मिळाले. मात्र ओंजळचा एक नियम होता. वस्तू हातात पडेपर्यंत पाठीराख्याला आपला वाटा केव्हाही काढून घेता येई. त्यामुळे यंत्र बनवण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त महत्त्व लोकांना धरून ठेवण्याला आलं होतं. पूर्वी उद्योजक महिन्याकाठी एक खबरपत्र पाठवत, ते कुणी वाचत नसे. मग ओंजळनं ‘संवादिनी’ आणली. उद्योजकानं आपला थोडा आवाज आणि थोडी माहिती द्यायची. संवादिनी मग त्याच्याच आवाजात प्रत्येक पाठीराख्याशी वेगवेगळं बोलायची, प्रत्येकाचं लक्षात ठेवायची, न कंटाळता. पहिल्या फोनच्या सुरुवातीला एक वाक्य भराभर ऐकवलं जाई: हा संवाद यंत्राच्या साहाय्याने होत आहे. ते कुणाच्या कानात शिरत नसे.

ऋजुतानंही आपला आवाज देऊन टाकला होता आणि कामाला लागली होती. त्या दुपारी संवादिनीची काहीतरी दुरुस्ती चालली होती, म्हणून तो एक फोन चुकून थेट तिच्याकडे आला.

"शालन मोहिते, मुक्काम सावळवडे," इरफाननं पडद्यावर शोधून सांगितलं. इरफान शिकलगार तिचा भागीदार. तंतुवाद्यं घडवणाऱ्या घराण्यातला. आवाजांचं सगळं गणित त्याच्याकडे. "नवरा हिंदुराव मोहिते. कुस्तीच्या मैदानांचा निवेदक. गेल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली. आणि बाई संवादिनीशी जवळजवळ रोज बोलतात."

"रोज?"

"दुपारी. ऐकायचंय?"

ऋजुतानं मान डोलावली. त्या फोनांची ध्वनिमुद्रणं सुरू झाली, आणि ती स्वतःला बोलताना ऐकू लागली. तोच किंचित बसका आवाज, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा. पण तो आवाज कसा रमून बोलत होता! म्हशीची चौकशी करत होता, गुडघेदुखीवर हसवत होता, उडदाच्या पिठाचं डांगर कसं कालवायचं ते विचारून घेत होता. ऋजुता अशी कुणाशी बोलल्याला किती वर्षं झाली, हे तिला आठवेना.

मग एका मुद्रणात शालन म्हणाली, "एवढी राबतीस. तुझी आई काळजी करत आसंल की."

आणि ऋजुताचा आवाज म्हणाला, "आई नाही हो, काकू. आई गेल्यापासून जेवलीस का म्हणून कुणी विचारलंच नाही मला. तुम्ही विचारा ना अधूनमधून."

इरफाननं मुद्रण थांबवलं.

"हे मी कधी बोलले?" ऋजुतानं विचारलं.

"नाही बोललीस. तुझ्या एका मुलाखतीत आईचा उल्लेख आहे. बाकीचं तिनं जुळवलं. अशा वाक्यानं माणूस गुंततो, हे तिला लाखो संभाषणांतून कळलेलं आहे. माणूस गुंतला की वाटा काढून घेत नाही."

"पण ते खरं आहे, इरफान."

इरफाननं तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवून पुढचं मुद्रण लावलं.

घरातल्या आवाजाचा उलगडा तिथे झाला. शालन सांगत होती, "मैदानात यांचा आवाज नदीपल्याड जायचा. पण घरात हे इतकं हळू बोलायचे, की मला हातातलं भांडं खाली ठेवून जवळ जावं लागायचं. गळा जपायचे ना. मला त्यो आवाज पायजे, ऋजुता. गावानं ऐकलेला नगं." आणि संवादिनी म्हणाली होती, "मिळेल, काकू. तोच आवाज मिळेल. माझा शब्द."

हिंदुरावांची मुद्रणं भरपूर होती. त्यांच्या चाहत्यांनी फोनवर टिपलेली, हलगीच्या कडकडाटातली, ‘ढाक लावलीऽऽ’ म्हणून डाव पुकारताना शेवटचा स्वर लांबवलेली. पण त्यातलं एकही घरातलं नव्हतं. त्यांना फोनवर बोलायला आवडत नसे. लग्नाच्या मुद्रणातही माईक त्यांच्याच हातात होता.

दुसऱ्या दिवशी दोघांनी प्रयत्न केला. यंत्राला हिंदुरावांचा आवाज शिकवून झालाच होता. इरफाननं एक साधं वाक्य दिलं: शालन, चहा टाक. स्पीकर गरजला, "शाऽऽलन! चहाऽऽ टाक!" जणू चहा आणि शालन या दोन मल्लांची जोड लागली होती. दोघंही हसले.

"आवाज बारीक कर," ऋजुता म्हणाली.

इरफाननं केला. "ऐक. हळू बोलल्यासारखं वाटतंय? नाही वाटत. लांबून ओरडल्यासारखं वाटतंय. ओरडताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, पट्टी चढते, स्वर ताणले जातात, वरच्या कंपनांना जोर येतो. हळू बोलताना तंतू नुसते टेकतात, मधून श्वास निसटतो. दोन वेगळी वाद्यंच म्हण ना. एकाच्या मुद्रणातून दुसरं काढता येत नाही. मी अंदाजानं हळू आवाज बनवू शकतो. पण तो यांचा असेल का, हे मला कसं कळणार?"

ऋजुतानं ओंजळच्या कचेरीत फोन लावला. निनाद देवस्थळी नावाचा एक सौम्य तरुण पडद्यावर आला.

"मॅडम, संवादिनीनं वचन दिलं असं म्हणू नका. आशा दिली म्हणा."

"माझा शब्द, असं म्हणाली ती. माझ्या आवाजात."

"अशी वाक्यं इतरही पाठीराख्यांशी झाली असतील. प्रत्येकाला त्याचं काही ना काही हवं असतं. तुम्ही ते सगळं उकरून काढलंत, तर लोक भराभर निघून जातील. मग कंठी कुणालाच मिळणार नाही. त्यापेक्षा गप्प राहा. वस्तू हातात पडली की लोक तक्रार करत नाहीत, सवय करून घेतात."

त्याचं बोलणं अगदीच चुकीचं नव्हतं, हाच त्रास होता. ऋजुतानं पुढचे काही दिवस काम कमी आणि मुद्रणं जास्त ऐकली. शालनच्या नवऱ्याचं दुखणं, तिच्या बहिणीशी झालेला अबोला, लग्नाच्या पहिल्या वर्षी विहिरीवर हिंदुराव तिच्याशी काय बोलले ते. एवढं सगळं एका बाईनं ऋजुताच्या ओटीत टाकलं होतं आणि ऋजुता तिथे नव्हतीच. तिला वाटलं, आपल्या वाट्याचं कुणीतरी भरभरून जगून घेतलंय आणि आपल्याला फक्त ऐकायला बोलावलंय.

इरफानकरवी निरोप धाडून, एका सकाळी कंठीचा नमुना पिशवीत घालून ती सावळवड्याला गेली.

गावाच्या कडेला, ऊसाच्या रानाला लागून मोहित्यांचं घर. शालन दारातच उभी होती, ठेंगणी, गोरीपान, कपाळावर मोठं कुंकू. "थांब तिथंच," ती म्हणाली. तिनं भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मग ऋजुताचे दोन्ही हात धरून तिला आत नेलं. "किती वाळलीयास! फोनवर कळत न्हाई ते."

हिंदुराव उठून उभे राहिले. धिप्पाड देह, पांढरा सदरा, गळ्यावर पंचा. त्यांनी हात जोडले आणि नुसते ओठ हलवून काहीतरी म्हटलं.

"या म्हणत्यात," शालन म्हणाली. "बस. तुला आवडतं म्हणून डांगर केलंय."

ऋजुतानं डांगर आजवर खाल्लं नव्हतं. ती जेवली. शालन शेजारी बसून बोलत होती, मधेच थांबून "त्या दिवशी सांगितलं न्हवं का तुला" म्हणत होती, आणि ऋजुता मान डोलावत होती. त्यातलं बरंचसं तिनं ऐकलेलं होतं. तरी प्रत्येक वेळी मान डोलावताना तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं. आणि तरीही ते संपू नये असंही वाटत होतं.

जेवण झाल्यावर तिनं कंठी काढली. हिंदुरावांच्या गळ्यावर पट्टी नीट बसवली, कळ दाबली. "बोला, काका. नेहमीसारखं, नुसते ओठ हलवा."

हिंदुरावांनी बायकोकडे पाहिलं. ओठ हलले.

"शाऽऽलन!"

घर दणाणलं. बाहेर कुत्रं भुंकलं. शेजारचा माणूस धावत दारात आला आणि मागे वळून ओरडला, "आरं, हिंदूतात्या बोललं!" बघता बघता अंगणात माणसं जमली. एक म्हातारा पैलवान तर डोळे पुसत होता.  एवढ्या महिन्यांनी हिंदुरावांच्या कानावर स्वतःचा आवाज पडला होता. त्यांनी पुन्हा ओठ हलवले, आणि पुन्हा तो खणखणीत आवाज घुमला, "राम राऽऽम, मंडळी!" अंगणात टाळ्या पडल्या.

शालन भिंतीला टेकून उभी होती. "बंद करा," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मग ती पुढे झाली आणि तिनं स्वतः दार लोटून घेतलं. "ह्यो आवाज माझा न्हवं. ह्यो गावाचा. ऋजुता, तू कबूल केलं हुतंस मला."

हिंदुरावांनी कंठीची कळ बंद केली. 

"काकू," ऋजुता म्हणाली, "ते मी कबूल केलं नव्हतं. तुमच्याशी फोनवर मी बोलत नव्हते. माझ्या आवाजात एक यंत्र बोलत होतं. मी तुमच्याशी एकदाच बोलले, ती म्हैस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी."

 शालन सावकाश म्हणाली, "त्या दिवशी तुझा आवाज निराळा लागला."

"हो."

"मग बाकी समदं कोण बोलत हुतं? माझा गुडघा, माझी बहीण... विहिरीवरचं... ते मी यंत्राला सांगितलं?"

"हो. आणि नंतर मी ते ऐकलं. तुम्हाला न विचारता."

"आन् तुझी आई?"

"आई खरंच गेली, काकू. ते यंत्रानं मनानं जुळवलं होतं. पण खरं होतं. मला ते कधी कुणाला सांगता आलं नव्हतं."

 शालन ताटं उचलून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. नळाचं पाणी वाहत राहिल्याचा आवाज येत होता. हिंदुरावांनी पाटीवर लिहिलं, ‘तुम्ही जा आता. मी समजावतो.’ ऋजुता निघाली तेव्हा शालन दारापर्यंत आली. डोळे लाल होते.

"संभाळून जावा तुम्ही," ती म्हणाली.

सकाळी ‘तू’ म्हणणाऱ्या शालनचं ते ‘तुम्ही’ ऋजुताच्या कानात राहिलं. वाटेभर ती गाडीच्या काचेतून बाहेर बघत राहिली.

मिरजेला पोचल्यावर तिनं इरफानला सांगितलं आणि एक निवेदन ध्वनिमुद्रित केलं. स्वतः, संवादिनीला हात लावू न देता. सर्व पाठीराख्यांना तिनं सांगितलं, की आजवर तुमच्याशी मी बोलत नव्हते. माझ्या नावानं ज्या गोष्टी कबूल केल्या गेल्या त्यातल्या काही मला करता येतील, काही कुणालाच करता येणार नाहीत. ज्यांना जायचं आहे त्यांनी जावं. जे राहतील त्यांचे फोन यापुढे मी किंवा इरफान घेऊ.

लोक गेले. निनाद म्हणाला होता तसे भराभर गेले. काहींनी शिव्या दिल्या. एक गृहस्थ नुसते रडले आणि फोन ठेवला. कार्यशाळेची अर्धी जागा सोडावी लागली, हाताखालची दोन माणसं दुसरीकडे गेली. पण सगळे गेले नाहीत. थोडे राहिले, आणि त्या थोड्यांपुरत्या कंठ्या बनवता येतील एवढं बळ उरलं. संवादिनीचा करार महिनाअखेर संपत होता. त्यानंतर ती आणि तिच्या सगळ्या आठवणी पुसल्या जाणार होत्या.

महिना संपत आला तेव्हा शालनचा फोन आला.

"ती हाय का अजून?" तिनं विचारलं.

"कोण, काकू?"

"ती. तुमच्या आवाजातली."

ऋजुतानं भिंतीवरची तारीख पाहिली. "आहे. दोन-तीन दिवस."

"मला ठावं हाय, ते यंत्र हाय. यांनी समजावून सांगितलं. पण मला तिच्याशी एकदा बोलायचंय. सहा महिने रोज बोलत हुते. मेल्या माणसाचं सुद्धा आपण तोंड बघतो."

"मी बोलले तर चालणार नाही का?" ऋजुता म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला स्वतःचीच लाज वाटली.

"तुम्ही चांगल्या हायसा," शालन म्हणाली. "पण तुमाला मी वळखत न्हाई."

ऋजुतानं फोन संवादिनीकडे जोडून दिला. समोरच्या पडद्यावर हिरवी रेघ वरखाली होऊ लागली. एक उंच उसळी, म्हणजे शालन. मग एक सखल, पसरट, ती स्वतःच. बोटानं एक कळ दाबली असती तर ऐकू आलं असतं. इरफान चहा घेऊन आला, पडद्याकडे बघून म्हणाला, "लावू?"

"नको. ते त्या दोघींचं आहे."

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. समोरच्या दवाखान्याच्या आवारात नातेवाईक डबे उघडून बसले होते. आतमध्ये आपला आवाज कुणाची तरी समजूत घालतोय, आणि आपण इथे बाहेर उभ्या आहोत, असं तिला झालं. स्वतःच्याच आवाजाचा एवढा हेवा तिला कधी वाटला नव्हता. चहा निवून गेला. मागे वळून पाहिलं तेव्हा रेघ सपाट झाली होती.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी शालन आणि हिंदुराव कार्यशाळेच्या दारात उभे राहिले.

"अर्धं टाकलेलं काम मला बघवत न्हाई," शालन म्हणाली. "तुमच्या कंठीला त्यो आवाज कुठं सापडंना न्हवं? माझ्या कानात हाय. काढून घ्या."

इरफाननं एक वाट काढली. यंत्रानं अंदाजानं हळू आवाजाचे दोन नमुने बनवायचे आणि शालननं त्यातला जवळचा निवडायचा. त्या निवडीवरून पुढचे दोन. डोळे तपासताना चष्मेवाला हे बरं की ते बरं विचारत जातो, तसं. आठवड्यातून एकदा दोघं मिरजेला येऊ लागली. शालन डोळे मिटून ऐकायची. "ह्यो न्हाई. जाड हाय." "ह्यो जरा... न्हाई, यात लाडीगोडी हाय. हे काय लाडीगोडीतले न्हाईत." हिंदुराव शेजारी बसून हसायचे, आवाज न करता, खांदे हलवून.

आवाज जवळ येत चालला. मधल्या वेळात शालन डबा उघडायची, चौघं मिळून खायची. ऋजुताला एकदा शब्द फुटले आणि ती आपल्या आईविषयी बोलली, अडखळत, मधेच विषय सोडून देत. संवादिनीनं ते किती छान सांगितलं होतं! शालननं ऐकून घेतलं आणि डबा तिच्यापुढे सरकवला. तिचं ‘तुम्ही’ काही सुटलं नाही.

मग एक दिवस नमुने ऐकता ऐकता शालन थांबली. तिनं डोळे उघडले. ती घाबरलेली दिसत होती.

"काय झालं, काकू?"

"आठवंना मला. मूळचा कुठला आन् तुमचा कुठला. परवा घरी पडल्या पडल्या यांचा आवाज आठवाय गेले, तर तुमचा मागच्या वेळचा नमुनाच ऐकू याय लागला."

इरफाननं कळफलकावरचा हात मागे घेतला. त्याला कळलं. आठवण ही काही पेटीत ठेवलेली वस्तू नव्हे. काढली की तिच्यावर हाताचे ठसे उमटतात, आणि ठेवताना आपण ठशांसकट ठेवतो. एवढे खोटे आवाज ऐकवून त्यांनी खऱ्यावर थर चढवले होते.

हिंदुरावांनी बायकोच्या हातावर हात ठेवला. त्यांच्या गळ्यात कंठी होती, मागच्या वेळचा नमुना घातलेली. त्यांनी ओठ हलवले. कंठीला शब्द जुळवायला श्वासभर वेळ लागायचा. पण शालन लगेच म्हणाली, "न्हाई, न्हाई, तसलं काय न्हाई. मी काय रडत न्हाई." आणि तिचं बोलून झाल्यावर स्पीकरमधून हलका आवाज आला, "रडू नकोस, शालन."

ऋजुता ताठ बसली. "काकू, कंठी बोलायच्या आधीच तुम्ही उत्तर दिलंत."

"मग? यांनी म्हटलं न्हवं का?"

"आवाज नंतर आला."

शालननं नवऱ्याकडे पाहिलं. हिंदुरावांनी सावकाश गळ्यातली कंठी उतरवून टेबलावर ठेवली. मग ते काहीतरी बोलले. नुसते ओठ. जरा लांबलचक होतं. ऋजुता आणि इरफानला त्यातलं अक्षर कळलं नाही. शालन ऐकत होती. हो, ऐकतच होती. तिची मान किंचित पुढे झुकली होती, हातातलं भांडं ठेवून जवळ आलेल्या बाईसारखी. मग तिनं पदर तोंडाला लावला.

"त्यो आवाज येतोय," ती म्हणाली. "जसाच्या तसा. हे यंत्र मधे आलं की पुसतोय, एवढंच." ती इरफानकडे वळली. "थांबवा आता हे. जेवढा उरलाय तेवढा माझ्यापाशी राहू दे. कंठीत तुम्ही मैदानाचाच आवाज भरा. त्यो गावाचा हाय, गावाला देऊन टाका."

हिंदुरावांनी मान हलवली आणि पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘पलूसचं मैदान मीच पुकारणार.’

इरफाननं घरच्या आवाजाचे सगळे नमुने शालनदेखत पुसून टाकले. मैदानाचा आवाज भरलेली कंठी डबीत घालून दोघांच्या हवाली केली. रिक्षा आली. हिंदुराव चढून बसले. ऋजुता काचेच्या दाराआड उभी राहून बघत होती. हिंदुराव शालनला काहीतरी म्हणाले आणि ती मनापासून हसली, रस्त्यावरच्या कुणालाही काहीही ऐकू न येता. असं एखादं माणूस आपल्यालाही असावं, की ज्याला आपलं न उच्चारलेलं कळेल, असं ऋजुताला आतून वाटलं.

मग शालन वळली. काचेपलीकडून ऋजुताकडे बघून काहीतरी बोलली. रिक्षा घरघरत होती, काच बंद होती. ओठ वाचण्याची विद्या ऋजुताला नव्हती. ती दार ढकलून धावतच बाहेर आली.

"काय म्हणालात, काकू?"

"म्हटलं, माझ्या बहिणीकडं चाललोय आता इथनं. पाच वर्षांचा अबोला सोडाय." शालन जरा घुटमळली. "आधी त्या फोनवरच्या तिला सांगितलं असतं. आता तुमालाच सांगाय पायजे. मनातनं लई भ्या वाटतंय मला. फोन करीन तिथनं संध्याकाळी. घ्याल न्हवं?"

"घेईन," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज फुटला नाही, नुसते ओठ हलले.

शालननं मान डोलावली आणि रिक्षात चढली.